आठ गुंठे

बाबांसाठी करतेय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ऑफिसात रजेच्या अर्जावर ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं, घरी नवऱ्याला आणि मुलाला ‘एक वर्ष करून तर बघते’ म्हटलं आणि लांजा तालुक्यातल्या आमच्या गावी काकांना फोन लावला, की नदीकडचं खाचर पड आहे, त्यात मी भात लावलं तर चालेल का. काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “लाव की. जमीन काय नको म्हणतेय? पण माणसं कुठनं आणशील?”

आईला मी विचारलं नाही, सांगितलं. ती गवार मोडत होती. “हौस आहे तर कर,” म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

बाबा 2023 च्या दिवाळीनंतर गेले. शेवटी शेवटी त्यांचं भान येऊन-जाऊन असायचं. रात्री मधेच उठून बसायचे आणि विचारायचे, “नदीकडच्या खाचरात पाणी घेतलं काय?” ठाण्यात, चौथ्या मजल्यावर. मी ‘हो, घेतलं’ म्हणायचे, मग ते आडवे व्हायचे. तेवढ्यावरून मी धरूनच चालले होते की शेत बाबांचं, त्यांचा जीव तिथे अडकलेला. आणि माझंही लहानपण तिथलंच. शाळेत जायच्या आधीची ती चार वर्षं आम्ही गावी होतो. वहाळात चढणीचे मासे, पागोळ्यांखाली अंघोळ, पडवीतल्या चुलीवर भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. ‘मी निसर्गात वाढले’ हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. मुलाखतीतसुद्धा.

शेतात पाय ठेवायच्या आधी कागद आले. बाबांच्या नावावर वारस नोंद राहिली होती. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. मग फेरफाराची नोंद, मग हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. यातलं बरंचसं हल्ली ऑनलाइन होतं, तरी दोन-तीन वेळा प्रत्यक्ष जावं लागलंच. आमच्या सातबाऱ्यावर आधीच नावांची रांग. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, कोणी विरारला, कोणी नालासोपाऱ्याला, एक कुटुंब बडोद्याला. बाबांच्या जागी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिघांची नावं लागली, आई, मी आणि धाकटा भाऊ. नवा उतारा मोबाइलवर आला तो आईला दाखवला. तिने चष्मा लावला, स्क्रीन बोटांनी मोठी केली, रांगेतून आपलं नाव शोधून काढलं.

“नावापुढे बाई कशाला लावलंय?”

“सरकारी पद्धत असेल गं.”

“बरं. याची एक प्रिंट आणून दे.”

ती प्रिंट रेशनकार्डाच्या पिशवीत गेली. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. आई सगळेच कागद जपून ठेवते.

मेच्या अखेरीस दिवा-सावंतवाडी गाडीने निघाले आणि आडवलीला उतरले. पहिला वाद राबावरून झाला. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमीन भाजायची ही काकांची जन्माची रीत. ऐन-किंजळाच्या झाडांचं कवळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, तोडून ठेवलेलं, त्याखाली शेण, वरून पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि बारीक माती, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे सावकाश धुमसत जळतं. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं म्हणणं वाचून गेले होते. भाजू नका, झाडं तोडू नका, मीटर-सव्वा मीटर रुंदीचे गादीवाफे करा, कुजलेलं शेणखत घाला. दोन दिवस अंगणात चर्चा. शेवटी अर्धा तरवा त्यांच्या रीतीने, अर्धा माझ्या. रोपं दोन्हीकडची बरी आली, फक्त माझ्या वाफ्यांत तण जास्त. भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं, एवढं साधं कारण. काकांनी यावर एक शब्द काढला नाही, याचं मला अजून कौतुक आहे.

बियाण्यावरून दुसरा वाद. मला रत्नागिरी 24 हवं होतं. शिरगावच्या संशोधन केंद्राची ही जात, दाणा लांब-बारीक, आणि हळवं, म्हणजे एकशेदहा-पंधरा दिवसांत तयार. माझ्या रजेच्या गणितात तेच बसत होतं. काका म्हणाले, नदीकडच्या खाचरात पाणी टिकतं, तिथे गरवं, उशिरा तयार होणारं, घालायचं, हळवं परतीच्या पावसात सापडतं. ते बरोबर बोलत होते हे ऑक्टोबरात सगळ्यांनी पाहिलं, पण बी मी आणून बसले होते.

मिठाच्या पाण्याचं काम मात्र मला फार आवडलं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बी ओतायचं. पोकळ दाणा वर येतो, भरलेला तळाशी जातो. वरचे दाणे चाळणीने काढून टाकायचे, खालचे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. पितळी टोपात हात घातला की खाली तो जड, गुळगुळीत थर लागायचा आणि वर फोलपटं तरंगत असायची. काकी बाजूला बसून फोलपटं कोंबड्यांना टाकत होती. “आमच्या टायमाला हे नव्हतं,” म्हणाली, “आमी सुपात पाखडायचो.”

मृग लागला, पाऊस तीन-चार दिवस हुलकावण्या देऊन आला. आला तो आलाच. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला मोठा भाग जून-जुलैत कोसळतो. वर जांभा कातळ, त्यावरचं पाणी धावत खाली येतं, म्हणून सगळी शेती पायऱ्यापायऱ्यांची. वरच्या खाचराचं पाणी खालच्याला, खालच्याचं त्याच्या खालच्याला. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी पाणी त्याच्याच बांधातून यायचं असतं.

चिखलणीला पॉवर टिलर तासावर मिळाला. काकांचे बैल विकून बरीच वर्षं झाली, आख्ख्या वाडीत आता एक जोत उरलंय. टिलरने चिखल केला, काकांनी फळी फिरवून तो सपाट केला, बांधावर उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, आता पाणी धरून ठेव. रात्रीतून पाणी गेलं. सकाळी खाचरात नुसता चिखल चकाकत होता. मी बांध चारी बाजूंनी फिरून पाहिला, कुठे फुटलेला नाही. काका आले, वाकले, बांधाच्या आतल्या बाजूने हाताचं पालथं बोट पाण्याच्या रेषेवरून फिरवत चालू लागले. एका जागी थांबले. तिथे मला काहीही दिसत नव्हतं. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, तोंड जरा वाकडं केलं, आणि मुठ्या खेकडा बाहेर काढला. तपकिरी, लहान मुलाच्या तळव्याएवढा, एक नांगी मोडलेला. त्याने बांधाला आरपार भोक पाडलं होतं. काकांनी त्याला वहाळाकडे भिरकावलं, भोकात आधी गवताचा बोळा, मग माती, मग टाच. “रोज सकाळी बघायचं,” म्हणाले. त्यानंतर रोज सकाळी मी बोट फिरवत बांधावरून चालायचे. भोक हाताला कसं लागतं ते हळूहळू कळलं. तिथे पाणी बोटाला किंचित ओढतं.

निसर्गाचं म्हणाल तर मी गळ्यात दुर्बीण अडकवून गेले होते. पहिल्या आठवड्यात नवरंगाची शीळ ऐकली, वहाळाच्या मातीच्या कडेवर तिबोटी खंड्या पाहिला, ते फोटो सगळीकडे पाठवले. लावणी सुरू झाल्यावर दुर्बीण खुंटीला गेली ती पार श्रावणापर्यंत. निसर्ग बघायला कंबर सरळ असावी लागते. वाकलेल्या माणसाला दिसतं ते वेगळं. ढोपरापर्यंतचा चिखल वर कोमट आणि खाली गार असतो. पायाला लागलं ते मूळ की जळू हे न बघता कळायला लागतं. मागे-मागे सरताना टाचेखालून बेडूक निसटतो. डोंगर, धुकं, हिरव्याच्या छटा हे सगळं तिथेच असतं, पण त्याच्याशी आपला काही संबंध उरत नाही.

लावणी तरण्या पावसात, पुनर्वसूत, जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर सुरू झाली. तरवा एकवीस-पंचवीस दिवसांचा असावा, त्याहून जून झाला की फुटवे कमी येतात. माणसं काकींनी जमवली. शेजारच्या दोघी आल्या, त्यांच्या बदल्यात मी आणि काकी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे. आणखी दोघी रोजाने, चारशे रुपये, न्याहारी आणि जेवण. पहाटे तरवा उपटायचा, मुळांची माती पाण्यात आपटून झाडायची, मुठी बांधायच्या, त्या खाचरात जागोजाग फेकून ठेवायच्या आणि ओळ धरून मागे सरत लावत जायचं. एका चुडात दोन-तीन काड्या, दोन चुडांत वीतभर अंतर. सांगायला एवढंच.

मी मधल्या जागी होते. दोन्ही बाजूंच्या ओळी माझ्यापुढे, म्हणजे खरं तर मागे, निघून गेल्या आणि मी एकटी एका हिरव्या बोळकांडीत उरले. मग डावीकडच्या बाईने काही न बोलता माझ्या दोन ओळी आपल्याकडे घेतल्या, उजवीकडचीने एक घेतली. आता मला तीनच ओळी. कोणी हसलं नाही, कोणी ‘राहू दे’ म्हटलं नाही. ऑफिसात एखाद्याचं काम असं काढून घेतलं असतं तर किती ईमेल झाल्या असत्या. इथे ओळ सरळ राहायला हवी एवढाच प्रश्न होता आणि तो त्यांनी सोडवला.

न्याहारीला बांधावर बसलो. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. इरलं आता फक्त काकींकडे एक आहे, ते पडवीत टांगलेलं असतं. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, वर पाऊस. काकी खाता खाता म्हणाली, “तुजी आय असती तर हे खाचर दोपारपत्तोर सरलं असतं गो बाय.”

“माझी आई?”

“मंग! मी लगीन होऊन आले तवा वाडीत तिच्या हाताला हात देनारी न्हवती. मोठी वैनी मागं सरायला लागली की आमी निस्त्या बगत रायचो.” मग तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवून हाताने दाखवलं. डाव्या हातातली मूठ अंगठ्याने सैल करत जायची. उजवा हात चूड रोवून वर यायच्या आत पुढचा चूड डाव्या हाताने पुढे केलेला असायचा. शोधायचं, सुटं करायचं, मोजायचं असं काही नाहीच. शेजारची म्हातारी म्हणाली, व्हय व्हय, तशीच.

माझ्या आठवणीतल्या त्या चार वर्षांत आई कुठे आहे, हे मी बांधावर बसून शोधायला लागले. आजी होती, चुलीपाशी. काका होते, खांद्यावर मला घेऊन वहाळ ओलांडणारे. गणपतीत येणारे बाबा होते, पिशवीत बिस्किटं. आई संध्याकाळची होती. अंधार पडल्यावर न्हाणीघराशी पाय धुणारी.

रात्री अंगणाच्या कोपऱ्यात रेंज मिळते तिथे उभं राहून फोन केला.

“तू लावणी करायचीस?”

“मग कोण करणार होतं?” पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. “खोल रोवतेस का तू? खोल रोवू नकोस. बोटाचं दीड पेर, बस. खोल गेलं की फुटवा येत नाही. आणि सारखी उभी राहू नकोस कंबर धरून. उभं राहिलं की परत वाकताना जास्त दुखतं. वाकलीस की वाकलेलीच राहा.”

त्यानंतर रोज रात्री तिचाच फोन यायचा. पाणी किती, पिवळं पडलंय का, कोपऱ्यातल्या त्या सखल जागी रोपं बुडतायत का. ती सखल जागा तिला आठवत होती. नांग्या, म्हणजे रोपं मेलेल्या मोकळ्या जागा, भरल्यास का. खताचं विचारलं तेव्हा मी युरिया-डीएपीच्या गोळ्यांचं सांगितलं. चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध एक गोळी, तीनेक ग्रॅमची, बोटभर खोल खुपसायची, म्हणजे पावसाने खत वाहून जात नाही. तिला ते फार पटलं. “आम्ही फेकायचो,” ती म्हणाली, “सगळं नदीला जायचं.” बाबांबद्दल या फोनांत काहीच नसायचं.

बेणणीचा, म्हणजे तण काढण्याचा, काळ असाच गेला. दुखलेल्या गुडघ्यांबद्दल काय लिहायचं.

गणपतीला आई आली. चाकरमान्यांनी गाव भरलं होतं. वाटण्यांची चर्चा दरवर्षीप्रमाणे सुरू होऊन दरवर्षीप्रमाणे आरतीच्या वेळेला थांबली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच खाचराकडे जाऊन आली. लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. आल्यावर म्हणाली, “मधल्या तीन ओळी तुझ्या ना? अंतर लांब पडलंय.” मी मान हलवली. “चालेल,” म्हणाली.

मग मोदकांसाठी खोबरं खवताना ती आपणहून बोलायला लागली. खवणीवर ती, गूळ चिरायला मी. सलग बोलली असं नाही. मधे कोणी आलं की थांबायची.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि परळच्या आमच्या चाळीत बहुतेक घरं गिरणीचीच. शिमग्यापर्यंत मिटेल असं सगळे म्हणायचे. मग मे महिन्यापर्यंत. मेमध्ये बाबांनी आम्हाला गावी आणून सोडलं. खोलीत दोन माणसं कमी म्हणजे दोन तोंडं कमी. खरं तर तीन, कारण भाऊ पोटात होता. त्या जुलैत आई पाचव्या महिन्यात होती आणि याच खाचरात वाकून लावणी करत होती. भाऊ नोव्हेंबरात झाला, पडवीलगतच्या खोलीत, कापणी संपल्यावर. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. बाबांची गिरणी काही सुरू झाली नाही. ते मुंबईतच राहिले. काही दिवस भायखळ्याहून भाजी आणून विकली, मग रात्रपाळीचे वॉचमन, मग भांडुपला एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात. आम्हाला परत न्यायला 1986 उजाडलं.

“चार पावसाळे,” आई म्हणाली. “माहेरी सांगायची सोय नव्हती. तुझी आजी वाईट नव्हती, पण मुंबईची सून म्हणून आधी दोन वर्षं नुसती बघत होती, हिला जमतं का. मग मी जमवलंच.”

“बाबा यायचे ना गणपतीत?”

“यायचे की. तीन दिवस. तुला बिस्किटं आणायचे.” खवणी थांबली. “एरवी पत्र. अंतर्देशीय. पैसे पाठवता येत नव्हते, मग लिहायचं काय? प्रत्येक पत्रात तेच. नदीकडच्या खाचरात पाणी घेतलं काय.”

मी गूळ चिरायची थांबले.

“तू त्यांना हो घेतलं, हो घेतलं म्हणायचीस ना रात्री. मी पलीकडच्या खोलीत ऐकत असायचे. ते तुला नव्हते विचारत.”

“मग तू का नाही उत्तर दिलंस?”

“तेव्हाही दिलं नव्हतं,” ती म्हणाली. “घेतलं होतं म्हणून तर भात आलं. यात लिहायचं काय?” आणि वाटीतलं खोबरं परातीत ओतून दुसरी कवड घेतली.

बाबांच्या बाजूनेही मी त्या रात्री बराच विचार केला. एका बंद गिरणीच्या दारात उभा असलेला तिशीतला माणूस, घरी पाठवायला हातात काही नाही, आणि बायकोला काय विचारावं हे कळत नाही. शेवटच्या आजारात त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांनी तोच प्रश्न शिल्लक राहतो. त्याला शेताची ओढ होती असंही म्हणता येईल. मी वर्षभर तेच म्हणत होते. आता मला तसं वाटत नाही. मात्र माझ्या पागोळ्या, माझे चढणीचे मासे, आठळ्या, हे सगळं खरंच होतं आणि आजही तितकंच छान आठवतं. त्यातली एकही गोष्ट मी खोडायला तयार नाही. फक्त ती वर्षं कोणाच्या जिवावर छान गेली हे आता माहीत आहे, आणि ‘निसर्गात वाढले’ हे वाक्य परत तोंडी आलेलं नाही.

आईला गाव नकोसं होतं असंही नाही, हे आणखी एक. बेणताना राहिलेलं गवत ती उभ्या-उभ्या नावाने ओळखत होती. वाटेत कुर्डू दिसला की खुडून घेत होती, भारंगीची कोवळी पानं कुठल्या गडग्यापाशी मिळतील हे तिला पाठ होतं. माझ्याकडे पक्ष्यांची नावं होती, तिच्याकडे खायच्या, न खायच्या आणि उपटायच्या झाडांची. आमची दोघींची मिळून एक बरी यादी झाली असती.

सप्टेंबरात रानडुकरांनी शेजारचं खाचर लोळवलं. आईने ठाण्याहून जुन्या साड्यांचं गाठोडं पाठवलं. काठ्यांना त्या साड्या बांधून काकांच्या मुलाने आमच्या बांधाला कुंपण केलं. जांभळी, आमसुली, आणि एक मोरपंखी, जी तिने माझ्या बारशाला नेसली होती. डुकरं तेवढ्याने थांबतात यावर माझा फारसा विश्वास नाही, पण आमच्या खाचराला ती आली नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला कापणी. परतीचा पाऊस काकांनी सांगितला होता तसा आला. चार दुपारी सलग. नदीच्या अंगाचं भात आडवं झालं, लोंब्या चिखलात गेल्या. कापणीला आई आली होती, आणि येताना तिने एकच विचारलं होतं, विळे कसे आहेत. दापोलीच्या विद्यापीठाचा वैभव विळा मी घेऊन ठेवला होता. दाते असलेला, हलका, जमिनीलगत कापतो, त्यामुळे पेंढा लांब मिळतो आणि खोडकिडीची अळी बुडख्यात उरत नाही. तिने पहिला झपका मारला, पात्याकडे पाहिलं, दुसरा मारला. त्यानंतर दुपारपर्यंत बोलली नाही. काकी, जी तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान आहे, मागे पडली आणि त्याबद्दल ओरडत राहिली. आडवं पडलेलं भात कापताना मूठ उलट्या बाजूने धरावी लागते, नाही तर दाणे गळतात. हे आईने करून दाखवलं, तोंडाने सांगितलं नाही. सत्तरीची बाई, गुडघ्याला पट्टा बांधून. ठाण्याला परतताना एक विळा तिने पिशवीत घातला. कशाला, हे मी विचारलं नाही.

भारे अंगणात आणले, झोडले, वारवले, ऊन पडेल तसं वाळवलं. कोजागरीला नव्या भाताचं ‘नवं’ बांधलं. आंब्याचा टाळ, कुर्डूची फुलं, भाताच्या लोंब्या. आठ गुंठ्यांत अडीच क्विंटलला थोडं कमी भात निघालं. पावसाने खाल्लं नसतं तर तीनच्या पुढे गेलं असतं, असं काकांचं मत. गिरणीतून दीडेक क्विंटल तांदूळ आला. टिलर, मजुरी, बियाणं, गोळ्या आणि माझे येण्याजाण्याचे पैसे धरले तर तो दुकानातल्या तांदळाहून महाग पडला. बिनपगारी रजा मी धरलीच नाही, धरली तर वही बंद करावी लागेल.

तांदळाची वाटणी आईने केली. काकांचा अर्धा हिस्सा आधी बाजूला काढला, शेजारच्या दोघींना पायलीभर, भावाला एक पोतडी, मला एक. उरलेलं एक पोतं तिने आपल्या नावाने ठाण्याला नेलं. मला वाटलं, वर्षभर खाईल. दिवाळीत गेले तर पोतं अर्ध्यावर आलेलं. सोसायटीतल्या तीन बायकांना तिने तो किलोने विकला होता, नव्वद रुपये भावाने. चौथीने नात्यातली म्हणून थोडा असाच मागितला तर तिला नाही म्हणाली. हिशेब रेशनकार्डाच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या प्रिंटच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला.

यंदा काय करायचं हे आता ती ठरवते. हळवं नाही, निमगरवं. राब भाजायचा, पण झाडं न तोडता, नुसत्या पातेऱ्यावर. कोपऱ्यातली सखल जागा मातीने भरून घ्यायची. काकांच्या मुलाला वाटतं, तिथे भातापेक्षा सुपारी लावावी. त्याच्याशी तिचं फोनवर दोनदा वाजलंय. “माझं नाव आहे त्याच्यावर,” असं तिने त्याला सुनावल्याचं काकींनी मला सांगितलं, सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

लावणीला ती येणार आहे, मात्र वाकणार नाही. बांधावर खुर्ची टाकून बसणार आणि ओळी बघणार. त्याचा रोज इतर बायकांना मिळतो तेवढाच घेणार, चारशे, वर न्याहारी आणि जेवण. काका म्हणाले, बसून राहण्याचा कुठे रोज असतो काय? आई म्हणाली, मग चार वर्षांचा मागचा काढू का? काकांनी चारशे कबूल केले. खुर्ची कोणी उचलून न्यायची, यावर अजून बोलणं चालू आहे.